साठ टक्के

सोमवार, सकाळ

वहीत आजचा आकडा लिहिला: ६०. म्हणजे अंधार पडायच्या आत इथे गडगडाट ऐकू येण्याची शक्यता साठ टक्के. आधी आकडा लिहायचा आणि मगच आम्हा वादळवेड्या हौशी लोकांचा मोबाइलवरचा ग्रुप उघडायचा, असा नियम घालून घेतलाय. कारण ग्रुपवर नजर गेली की संपलं. सकाळी सातलाच कुणीतरी लाल-जांभळ्या नकाशाचा स्क्रीनशॉट टाकलेला असतो, खाली "आज राडा होणार", आणि त्याखाली विजेच्या चिन्हांची रांग. ते बघून माझ्या साठाचे पंचाहत्तर व्हायला वेळ लागत नाही.

'आलं' कशाला म्हणायचं तेही आधी ठरलेलं हवं. हवामान निरीक्षणाच्या जुन्या रीतीप्रमाणे गडगडाटाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी निरीक्षकाच्या कानावर गडगडाट पडला तो दिवस. पाऊस पडो वा न पडो. मला ही व्याख्या फार आवडते. मोबाइलवरच्या नकाशात चाळीस किलोमीटरवर ठिपका लुकलुकला म्हणून इथे खूण करता येत नाही. कानाने साक्ष दिली तरच खरं.

साठ कुठून आले? सकाळच्या साउंडिंगमधून. जगभरात शेकडो ठिकाणांहून दिवसातून दोनदा, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ०० आणि १२ वाजण्याच्या सुमारास, फुगे सोडतात. फुग्याला बांधलेलं यंत्र वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि वारा रेडिओवरून कळवत राहतं. त्याची ती तिरक्या रेघांची आकृती पहिल्यांदा बघणाऱ्याला भोवळ आणते, पण एकदा वाचता यायला लागली की नुसत्या नकाशांवर मन बसत नाही. आजच्या आकृतीत खालचा थर चांगला दमट आहे, दवबिंदू २१ अंश. वर हवा झपाट्याने गार होत गेलीय. केप २२०० ज्यूल प्रति किलो. केप म्हणजे खालची हवा एकदा सुटून वर निघाली की तिला मिळणारी एकूण उचल. कागदावर हिशेब केला तर एवढ्या केपमध्ये हवा सेकंदाला ६६ मीटर वेगाने वर जायला हवी. प्रत्यक्षात ढगात बाहेरची कोरडी हवा मिसळते, पाण्याचं ओझं असतं, त्यामुळे निम्मा वेग मिळाला तरी पुष्कळ. मोठाल्या गारा अधांतरी धरून ठेवायला तेवढा पुरतो.

मग नव्वद का नाही? झाकणामुळे. दीड किलोमीटरच्या आसपास एक गरम थर आडवा पसरलाय. खालून निघालेली हवा तिथे पोचते तेव्हा भोवतालच्या हवेपेक्षा गार ठरते आणि तिथेच अडते. झाकण नसतं तर सकाळी दहापासूनच किरकोळ ढग उगवले असते आणि ऊर्जा चिल्लर खर्चात गेली असती. फार घट्ट असतं तर दिवसभर कोरडं निळं आभाळ. मधलं असेल तर दुपारपर्यंत खाली ऊब आणि ओल साठत राहते, आणि कुठेतरी एक फट सापडली की तिथून सगळं वर जातं. केपचा नकाशा सगळे बघतात, झाकणाचा फार थोडे. नवखा हौशी आणि मुरलेला हौशी यांच्यात मला तरी मोठा फरक एवढाच दिसतो.

दुपारी जिन्यात शेजारच्या काकूंनी गाठलं.

"काय रे, आज येणार का? कपडे आत घेऊ?"

"साठ टक्के, काकू."

"टक्के नको सांगूस. हो की नाही ते सांग."

"घ्या आत."

वीस टक्के असते तरी मी हेच सांगितलं असतं. कपडे आत घ्यायला पाच मिनिटं लागतात, भिजले तर दिवस जातो. पण कुणी मैदानावरचा सामना रद्द करू का म्हणून विचारलं असतं, तर वीस टक्क्यांवर नाही म्हटलं असतं. ढग तोच, आकडा तोच, उत्तरं दोन. म्हणून तर आकडा लिहायचा. हो-नाही ज्याचं त्याने आपल्या नुकसानीच्या हिशेबाने ठरवावं.

मंगळवार

काल काही झालं नाही.

म्हणजे आभाळाने प्रयत्न केला. साडेतीनला पश्चिमेला एक बुरूज उभा राहिला. कडा कोरीव, उन्हात पांढऱ्याशुभ्र, आणि टक लावून बघितलं तर वरचे फुगवटे आतून बाहेर उलगडताना दिसत होते. कडा अशी धारदार असते तोवर ढग जिवंत असतो, माथ्यावर अजून पाण्याचे थेंब असतात. पुढे दोन वाटा. एक, माथा पुरेसा उंच जाऊन गोठतो, कडा धूसर आणि तंतूतंतूंची होते आणि सगळा माथा आडवा पसरायला लागतो. तेव्हा समजावं की काम झालं. दुसरी, बुरूज मधेच बारीक होतो, तळ तुटतो आणि वर राहिलेला तुकडा कोरडी हवा पिऊन टाकते. कालच्याने दुसरी वाट धरली. चार वाजता तिथे नुसती पांढरी चिंधी होती. त्याच्या शेजारी आणखी एक, मग आणखी एक. सगळे त्याच उंचीवर मान टाकत होते. झाकण डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात, पण काल दिसत होतं.

ग्रुपवर रात्री दहापर्यंत "अजून चान्स आहे" चालू होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. आमच्या जमातीला ते रडारवरही दिसतं. वादळ आवडणाऱ्या माणसाने वादळाचा अंदाज सांगायचा, यातच मूळ घोटाळा आहे. हुकलेला अंदाज आठवड्यात विसरला जातो आणि लागलेला वर्षानुवर्षं सांगितला जातो.

यावर मला नेहमी जॉन फिनले आठवतो. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधला हा माणूस. १८८४ मध्ये त्याने टोर्नॅडोचे प्रायोगिक अंदाज केले आणि ते ९६.६ टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. ऐकायला झकास. एकूण अंदाज २८०३. पण त्यातले २६८० 'होणार नाही' म्हटलं आणि झालं नाही, असे. 'होणार' असं शंभर वेळा म्हटलं, त्यातले २८ खरे झाले. उरलेल्या २३ वेळा टोर्नॅडो न सांगता आला. त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की डोळे मिटून दर वेळी 'होणार नाही' म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. काहीच न करणारा माणूस जिंकला!

फिनलेची मला कीवही येते. दुर्मीळ गोष्टीचा अंदाज करायला निघालेल्याला टक्केवारीच फसवते. शंभरात २८ हे त्या काळी, उपग्रह नाही, रडार नाही, वरच्या हवेची मापं नाहीत अशा अवस्थेत, खरं तर वाखाणण्याजोगं होतं. त्याने नेमकी चुकीच्या आकड्याची फुशारकी मारली.

माझ्या वहीत म्हणून वेगळा हिशेब आहे, ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलेला. सोपा आहे. गडगडाट झाला तर १, नाही तर ०. आपण सांगितलेली शक्यता आणि हा आकडा यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. रोज आळसाने ५० टक्के लिहिणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, तेव्हा निदान त्याच्यापेक्षा तरी सरस असायला हवं. कालचे माझे ०.३६. ज्याने उत्साहाच्या भरात ९० लिहिले असतील त्याचे ०.८१. वर्ग करण्यातली गंमत हीच, की छातीठोकपणा महागात पडतो.

आणि तरीही एक गोष्ट आहे जी ऐकून मीही हुरळतो. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नॅडो आदळला. तिथल्या फॉबश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी लगेच जुन्या नोंदी उकरून टोर्नॅडोआधी आभाळ कसं असतं ते शोधायला घेतलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशा पुन्हा तसाच दिसायला लागला. त्यांनी अंदाज जाहीर केला, विमानं आत घेतली, आणि संध्याकाळी खरोखर त्याच तळावर दुसरा टोर्नॅडो आला. एवढ्याशा जागेवर पाच दिवसांत दोनदा. आमचा अख्खा छंद या एका गोष्टीवर जगतो आणि बिघडतोही. प्रत्येकाला आपला २५ मार्च हवा असतो.

बुधवार

५ लिहिले. निळं आभाळ, कोरडा वारा. काही नाही. ०.००२५.

ग्रुपवर शुकशुकाट. अशा दिवसांच्या नोंदी कुणी ठेवत नाही, आणि म्हणूनच आपला अंदाज किती पाण्यात आहे ते बहुतेकांना कधी कळत नाही.

गुरुवार, रात्री

सकाळी ४५ लिहिले होते. केप सोमवारपेक्षा कमी, १५०० च्या घरात, पण झाकण पातळ. उचलायला काहीतरी लागणार होतं आणि ते कुठून येणार ते दिसत नव्हतं.

दुपारी अडीचला ते रडारवर दिसलं. लांबच्या एका वादळाचा केव्हाच खेळ आटोपला होता, पण त्याच्यातून कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत इकडे निघाली होती. रडारवर तिची केसाएवढी बारीक, फिकी रेघ दिसते. त्या रेघेवर पाऊस नसतो, असतात ते दोन हवांच्या सीमेवर गोळा झालेले किडे आणि धूळ. नवखे तिला बिघाड समजून सोडून देतात. मला दिवसभरात हवी असते ती हीच रेघ. गार हवा पाचरीसारखी गरम दमट हवेखाली घुसते आणि तिला झाकणापार ढकलते.

मोबाइल वाजला. ग्रुपमधला सगळ्यात धाकटा, कॉलेजात शिकणारा.

"दादा, रेघ बघितलीस?"

"बघतोय. ढग कुठे उभा राहतोय ते बघ, रेघेकडे नको. आणि रेडिओ लाव."

मीडियम वेव्हवर, कुठलंच केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवायचा. वीज चमकली की रेडिओत कडकन खरखर उमटते, कान गडगडाट ऐकायच्या कितीतरी आधी. विजेचे हेच रेडिओ स्पंद पकडून आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी पोचायच्या वेळांतला सूक्ष्म फरक मोजून वीज कुठे चमकली ते काढतात. ब्लिट्झऑर्टुंग या जाळ्यात तर जगभरच्या हौशी लोकांनी आपल्या घरी बसवलेली, हे स्पंद टिपणारी यंत्रं आहेत. पण नकाशावरच्या ठिपक्यांपेक्षा मला ही खरखर जास्त जवळची वाटते. आधी मिनिटाला एखादी. मग दोन-तीन. मग मोजणं सोडून दिलं.

रडारवर तेव्हा आमच्या डोक्यावर पाऊस दाखवत होता आणि अंगण कोरडं ठणठणीत. पोरगा वैतागला. रडारचा किरण जमिनीला धरून चालत नाही रे बाबा. अर्ध्या अंशाच्या कोनात निघाला तरी शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो. वर पाऊस आहे, खाली येईतो वाळतोय. आणि ते चांगलंच, कारण वाळणारा पाऊस हवा गार करतो आणि ती आणखी जोरात खाली आपटते.

आपटली. पाचच्या थोडं आधी वारा पडला, मग उलट्या दिशेने उठला. तापमापी ३६ वरून बघता बघता २५ वर. काळ्या ढगाचा एक आडवा ओठ पुढे सरकत आला, खालून फाटका. काकूंनी न विचारताच कपडे काढले होते. मग पहिली स्पष्ट वीज: एक, दोन, तीन... पंधरा. तीन सेकंदांना एक किलोमीटर, म्हणजे पाच किलोमीटर. आलं! वहीत वेळ टिपली आणि आत. वीज आणि आवाज यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. या बाबतीत माझ्याकडे टक्केवारी नाही. गच्चीवर उभं राहून विजेचे व्हिडिओ काढणाऱ्यांचं कौतुक मी करत नाही. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या टोर्नॅडोत टिम समारास हा वादळांचा पाठलाग करणारा संशोधक, त्याचा मुलगा आणि सहकारी गेले. समारास या धंद्यातला सगळ्यात सावध माणूस म्हणून ओळखला जायचा.

पाऊण तासात सगळं संपलं. संपणारच होतं. १९४६-४७ मध्ये बायर्स आणि ब्रेहम या हवामानशास्त्रज्ञांच्या प्रकल्पात विमानं मुद्दाम वादळात घालून मापं घेतली, तेव्हाच हे नीट कळलं: आधी नुसता चढता झोत, मग चढता आणि उतरता शेजारी शेजारी, शेवटी नुसता उतरता. पडणारा पाऊस स्वतःच ओढून आणलेल्या गार हवेने ढगाची खालची रसद तोडतो. वरचा वारा उंचीनुसार वेग आणि दिशा बदलत असता तर पाऊस एका बाजूला पडला असता, रसद दुसरीकडून चालू राहिली असती आणि वादळ तासन् तास जगलं असतं. आज वर वारा नव्हताच.

हिशेब: ०.३०२५. रोज ५० लिहिणारा आळशी माणूस आज माझ्यापुढे. ग्रुपवर "म्हटलं नव्हतं का!" चा पूर आलाय, आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सोमवारीही तेच म्हटलं होतं.

शुक्रवार, सकाळ

२५. कालची गार हवा अजून तळाशी बसून आहे, जमीन ओली आहे, सकाळपासून मळभ. ऊन पडेपर्यंत खालची हवा सुटणार नाही. अकराच्या आत ऊन आलं तर ओल भरपूर असल्यामुळे चित्र पालटेल, पण आकडा आता बदलायचा नाही. ग्रुपवर शनिवारचा नकाशा येऊन पडलाय, जांभळा. त्यात झाकण किती घट्ट दाखवलंय, हे मी विचारलं. अजून उत्तर नाही.