ह्यूस्टनला, जेमिनी ५ च्या समोर

अमेरिकेतल्या स्पेस सेंटर ह्यूस्टन या अंतराळ-संग्रहालयात गर्दी असते ती चंद्रावरच्या दगडाला हात लावायला. मी मात्र त्याच दालनात जेमिनी ५ या जुन्या अंतराळयानासमोर रेंगाळलो. केवढंसं ते यान! खांद्याला खांदा लागेल अशा दोन खुर्च्या, पाय मोकळे करायलाही जागा नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये गॉर्डन कूपर आणि पीट कॉनरॅड यात जवळजवळ आठ दिवस राहिले. जेवण, झोप, लघवी, शौच, सगळं बसल्या जागी आणि सोबत्याच्या देखत.

सुरुवातीला तर याची काही सोयच नव्हती. ५ मे १९६१ ला अमेरिकी अंतराळवीर ॲलन शेपर्ड जेमतेम पंधरा मिनिटांसाठी वर जाणार होते. उड्डाण काही तास रखडलं आणि त्यांना सूटमध्येच लघवी करावी लागली. पुढच्या वर्षी जॉन ग्लेन गेले तेव्हा सूटच्या आत लघवीची पिशवी आली.

शौचाचं कोडं अवघड होतं. जेमिनी आणि नंतरच्या, चंद्रमोहिमांच्या अपोलो यानांत त्यासाठी प्लास्टिकची पिशवी असे. तिच्या तोंडाची चिकट कडा नितंबांना चिकटवायची. वजनच नसल्याने मळ खाली पडत नाही, म्हणून पिशवीलाच बोटाची खोळ होती. तिच्यात बोट घालून तो अंगापासून सोडवायचा. मग जंतुनाशकाची पुडी आत टाकून, तोंड बंद करून, पिशवी बाहेरून चांगली मळायची. हे नीट झालं नाही तर जिवाणू वाढून आत वायू साठतो. अपोलोत या सगळ्याला पाऊण तास लागायचा. मे १९६९ मध्ये अपोलो १० च्या केबिनमध्ये मळाचा तुकडा तरंगत आला, त्यावरचं अंतराळवीरांचं बोलणं ध्वनिमुद्रणात आहे. या माणसांनी काय सोसलं ते मला रॉकेटपेक्षा या पिशवीवरून जास्त कळलं.

पुढे स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचं सरावासाठी बांधलेलं मॉडेल आहे. जेमिनीनंतर ते वाड्यासारखं वाटतं. १९७३ मध्ये स्कायलॅबवर अमेरिकी अंतराळवीरांना पहिला खरा संडास मिळाला. तो भिंतीत बसवलेला होता आणि गुरुत्वाकर्षणाचं काम हवेचा झोत करायचा. मळ वाळवून, लघवीचे नमुने गोठवून पृथ्वीवर आणले जात, कारण हाडांतलं कॅल्शियम किती झिजतं हे डॉक्टरांना तपासायचं होतं. तिथे गेलेल्या पहिल्या तुकडीचे प्रमुख होते पीट कॉनरॅड, आणि मुक्काम २८ दिवसांचा.

ह्यूस्टनला गेलात तर नासाचं केंद्र दाखवणाऱ्या ट्रामच्या रांगेत लागण्याआधी या दालनाला निवांत वेळ द्या.