खर्रा सोडला, पण आधी तलब अन पानठेला वेगळे केले

सोळा वर्षं खर्रा खाल्ला मी, म्हणजे सुपारी, तंबाखू अन चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. दिवसाला पाच-सहा पन्न्या, हंगामात त्याहून जास्त. आमच्या दारव्हा तालुक्यात यात काही विशेष नाही, पाहुणा आला की पाण्याच्या पाठोपाठ पन्नीच पुढं येते. मागच्या उन्हाळ्यात यवतमाळला दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तीन बोटं उभी जायला पाहिजेत ती माझी अडीचच गेली. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते, जे आखडलं ते पूर्ण परत येत नाही, अन पुढं त्यातूनच कॅन्सरही होऊ शकतो असं त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत बसल्या बसल्याच ठरवलं, बंद.

पहिल्यांदा मी फक्त रस्ता बदलला. पानठेला स्टँडवर आहे म्हणून वावरात जायला मागच्या पांदणीनं जायला लागलो, चार दिवस ठेल्याचं तोंड पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी पोट साफ होईना, डोकं गच्च, पोराच्या अंगावर उगाच ओरडलो, अन शेवटी फोन करून एकाला पन्नी घेऊन घरीच बोलावलं. म्हणजे ठेला टाळून काही झालं नाही, मी ठेलाच घरी आणला.

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगम दिलं. मी ते चहा पिता पिता चावायचो अन बसायचो तिथंच, ठेल्यासमोरच्या बाकावर. डॉक्टरांकडं परत गेलो तेव्हा कळलं की गम चावायच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-कोल्ड्रिंक नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही. पण ते सुधारूनही बाकावर बसलो की हात पुढं जायचाच, दोस्त घोटायला लागला की त्या आवाजानंच.

मग भाचा आला. अमरावतीला सायकॉलॉजीत एमए करतो. तो म्हणाला, "मामाजी, तुम्ही दोन गोष्टी एकच समजून राह्यले. ठेला सांगते का इथं खर्रा भेटते. तलब सांगते का तो आत्ता पाह्यजे. भेटणं वेगळं अन पाह्यजे असणं वेगळं."

त्यांच्या अभ्यासात ठेल्यासारख्या खुणेला डिस्क्रिमिनेटिव्ह स्टिम्युलस म्हणतात, म्हणजे अशी खूण की जी असताना ती कृती केली तर आधी फळ मिळत आलं. अन फळाची किंमतच वाढवणारी किंवा कमी करणारी जी परिस्थिती असते तिला मोटिव्हेटिंग ऑपरेशन. या दोन कामांतला फरक जॅक मायकल या अमेरिकन अभ्यासकानं १९८२ मध्ये नीट मांडला, मोटिव्हेटिंग ऑपरेशन हे नाव मात्र २००३ च्या एका पेपरानं रूढ झालं. मायकलचं उदाहरण स्क्रूचं होतं, अन ते मला लगेच पटलं कारण विहिरीवरची मोटर मीच खोलतो. पेचकस पेटीत कायमच असतो, मिळायची काही अडचण नाही, पण घट्ट बसलेला स्क्रू समोर आला की मगच तो हवासा होतो. स्क्रू दिसल्यानं पेचकस मिळायची शक्यता वाढली नाही, त्याची किंमत वाढली.

भाच्यानं मला आठवडाभर वही लिहायला लावली. किती वाजता, शेवटचा कधी खाल्ला, कुठं, कोण सोबत, झोप किती, अन तलब दहापैकी किती. लिहायचा लय कंटाळा यायचा पण जे दिसलं त्यानं माझं डोकं उघडलं. तोच ठेला, तेच दोस्त, पण नुकताच खाल्लेला असला की तलब दोन, अन पाच तास झाले असले की नऊ. तेच पाच-सहा तास बहिणीकडं गेले, जिथं कुणीच खात नाही, तर चार. म्हणजे एकटा ठेला मला ओढत नव्हता अन एकटी तलबही नाही, दोन्ही एका जागी आले की एकमेकाला चढवत होते.

अजून एक दिसलं. तलब नऊ असली की खुणेसारखी दिसणारी कुठलीही गोष्ट खूण व्हायची. सोयाबीनच्या बियाण्याची थैली फाडली अन प्लास्टिक कुरकुरलं तरी तोंडाला पाणी सुटायचं. गम चावून झाल्यावर तीच थैली, तोच आवाज, काहीच नाही.

मग जुलैत दोन्हीकडून एकदम लागलो. ठेल्याचा रस्ता बंद, घरातल्या अन गाडीच्या डिक्कीतल्या पन्न्या, चुन्याची डबी सगळं बायकोनं उकिरड्यावर टाकलं. अन तलब चढायच्या आधीच गम, नऊला पोचल्यावर नाही. पहिले तीन दिवस लय वाईट गेले, दोन-तीन आठवड्यांनी हलकं वाटायला लागलं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनलाइन, क्विटलाइन आहे, फुकट, तिथल्या बाईंशी मी दोनदा बोललो अन दोन्ही वेळा ती संध्याकाळ निघाली.

पोळ्याला घसरलो. पहाटेपासून बैल धुणं, पोटात काही नाही, गमची पट्टी घरी राहिली, अन तोरणाखाली दहा जणांच्या हातात पन्नी. एक खाल्ला. रात्री रडायला आलं खरं सांगतो. भाच्याला फोन केला तर तो रागावला नाही, म्हणाला वहीत लिहा, उपाशी होते, गम नव्हता, खुणा दहा होत्या. लिहिलं, अन दुसऱ्या दिवसापासून परत सुरू.

सगळ्यात अवघड रात्रीचं ओलित होतं. लाइन रात्रीचीच मिळते, हरभऱ्याला पाणी द्यायला अकरा ते चार जागायचं, तिथं ठेला नाही की माणूस नाही तरी तलब आठ. वहीत पाहिलं तेव्हा उमगलं की तिथं मला खर्रा झोपेपायी पाहिजे होता. आता ओलिताच्या दिवशी दुपारी दोन तास झोपतो, मग तलब तीनच्या वर जात नाही. हे मला कुणी सोळा वर्षांत सांगितलं नव्हतं.

पोळ्यानंतर आता पाचवा महिना, गम दिवसाला एकच. तोंड अजून अडीच बोटंच उघडतं, डॉक्टरांनी सांगितलेले तोंडाचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ करतो. कापसाचा शेवटचा वेचा राहिला आहे, मजुरांच्या पन्न्या माझ्या बांधावरच सुटतील, म्हणून ते चार दिवस मापाला बायको उभी राहणार अन मी गाडी घेऊन जिनिंगला जाणार, जेवून अन गम खिशात घेऊन.