तुम्ही विचारलंत म्हणून: नाकावरून माणूस ओळखता येतो का?

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या एका गल्लीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. आधी बाबा बसायचे, गेली २७ वर्षं मी बसते. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी काउंटरला टेकून विचारतंच, "मॅडम, तुम्ही दिवसभर लोकांची नाकं बघता. नाकावरून स्वभाव कळत असेल ना तुम्हाला?" मागच्या आठवड्यात तर एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर तक्ताच पुढे केला. नऊ नाकं आणि खाली नऊ स्वभाव. सरळ नाकाचा माणूस शिस्तीचा, बाकदार नाकाचा पुढारी, अपऱ्या नाकाचा हसतमुख, फेंदारलेल्या नाकाचा तापट पण दिलदार. "यातलं माझं कुठलं?" असं म्हणून ते खरोखरच मान वर करून उभे राहिले. दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता सांगते.

नाही कळत. इतकी नाकं जवळून बघूनही नाही.

नाकाकडे बघणं हेच माझं काम आहे, हे मात्र खरं. तुमच्या चष्म्याच्या दांडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, ५२, १८, १४० असे काहीतरी. पहिला काचेच्या रुंदीचा, शेवटचा दांडीच्या लांबीचा आणि मधला ब्रिजचा, म्हणजे दोन काचांमध्ये नाकासाठी किती मिलिमीटर जागा ठेवली आहे त्याचा. तो मधला आकडा चुकला की कितीही महागाची फ्रेम घ्या, ती घसरणार किंवा रुतणार. नाकाचा दांडा डोळ्यांच्या मध्ये किती वर आलाय, बाजूच्या भिंती किती उतरत्या आहेत, डावीकडे कल आहे की उजवीकडे, हे सगळं मी बघते. अगदी सरळ नाक फार थोड्यांचं असतं. आरशात रोज बघूनही माणसाला स्वतःच्या नाकाचा कल माहीत नसतो, चष्मा तिरका बसायला लागला की कळतो.

आणि हो, नाक काहीतरी सांगतं. चष्मा काढल्यावर दोन्ही बाजूंना जे खळगे दिसतात ना, ते बघा. खोल आणि काळपट असतील तर नंबर मोठा, काच जड आणि चष्मा सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांवर. नाकावर टेकणाऱ्या पॅडपाशी हिरवा थर साचलेला असेल तर माणूस घामाचं काम करतो. मुंबईच्या दमट हवेत धातूच्या फ्रेमवर घाम बसला की तिच्यातल्या तांब्याला असा हिरवा मळ येतोच. भटारखान्यात काम करणारे एक काका दर तीन महिन्यांनी पॅड बदलायला येतात. त्यांचा चष्मा हातात घेतला की भट्टीसमोरचे त्यांचे तास मला बोटाला लागतात. पण ते उदार की चिक्कू, हे त्यांच्या नाकावर कुठेच लिहिलेलं नाही.

लालबागचे दोन भाऊ गेली वीसेक वर्षं येतात. दोघांचीही वडिलांसारखी, पोपटाच्या चोचीसारखी नाकं, ब्रिज दोघांचाही अठराच. थोरल्याने एकदा दांडीच्या स्क्रूवरून दुकान डोक्यावर घेतलं होतं. धाकटा चुकीचा रंग आला तरी "राहू दे ताई, चालेल" म्हणून घेऊन जातो. एक नाक, दोन माणसं. वयाचंही तसंच. साठी-सत्तरी आली की नाकातल्या कूर्चेचा आधार सैल पडतो, शेंडा खाली झुकतो. चाळिशीत ज्यांना मी सरळ नाकावर फ्रेम बसवून दिली होती, ते आता बाकदार नाक घेऊन येतात. तक्ता खरा मानला तर शिस्तीची माणसं म्हातारपणी पुढारी व्हायला हवीत.

ही समजूत आजची नाही. ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या जुन्या ग्रंथात पुरुषलक्षणं सांगताना नाकाचाही हिशेब मांडला आहे, पोपटासारखं नाक सुखी माणसाचं म्हणून. युरोपात अठराव्या शतकात लाव्हाटर नावाच्या स्विस धर्मोपदेशकाने चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याचं शास्त्रच उभं केलं आणि त्याचं वेड पसरलं. १८३१ साली बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने २२ वर्षांच्या चार्ल्स डार्विनला जवळजवळ नाकारलंच होतं. का, तर असल्या नाकाच्या माणसात सफरीला लागणारी धडाडी आणि निश्चय असणार नाही. हे डार्विननेच आत्मचरित्रात लिहिलं आहे. सफर जवळजवळ पाच वर्षं चालली आणि तिच्यातून पुढे उत्क्रांतीचा सिद्धान्त आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. डार्विनचं नाक खोटं बोललं याची कप्तानाला नंतर खात्री पटली असावी, असंही तो लिहितो.

डार्विन गोरा होता, सुशिक्षित घरातला होता, निभावला. आपल्याकडे याच खुळाने फार वाईट वळण घेतलं. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. त्याआधीपासूनच तो लोकांची नाकं मोजून घेत होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं, शंभराने गुणायचं, की झाला नासिका निर्देशांक. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. माझ्याही ड्रॉवरमध्ये मोजपट्टी आहे, मीही मिलिमीटरच मोजते. म्हणून हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्यासमोरचा माणूस आरामात बसावा म्हणून मी मोजते. त्याने मोजलं ते माणसांना पायऱ्यांवर बसवायला.

मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात ही मापं तपासायला घेतली. पुढे 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी नाकांचे तेच आकडे समोर मांडले आणि दाखवून दिलं, की या शास्त्रावर विश्वास ठेवायचाच असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्या फूटपट्टीने माणसं खाली ढकलली, तीच त्यांनी हातात घेतली. टिळक पूल ओलांडला की हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं घर, राजगृह आहे. तिथून जाताना मला दर वेळी ते आकडे आठवतात.

मग नाकं वेगवेगळी का? बरंचसं आईवडिलांकडून येतं. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांच्या अभ्यासात नाकाची रुंदी आणि टोक ठरवणारी काही जनुकं सापडली. काही वाटा हवेचाही. नाकपुड्यांची रुंदी पूर्वजांच्या प्रदेशातल्या तापमानाशी आणि दमटपणाशी जुळते, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. थंड कोरडी हवा छातीत जाण्याआधी गरम आणि ओली करायला अरुंद नाक बरं पडतं. नाक हे श्वासाचं यंत्र आहे. त्याला तुमच्या स्वभावाशी काय करायचंय?

तरी लोकांना पटतं, कारण चेहऱ्यावरून मत बनायला वेळच लागत नाही. २००६ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे एक दशांश सेकंद दाखवले. तेवढ्यात त्यांचं मत झालेलं होतं. जास्त वेळ दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, खात्री मात्र वाढली. त्यात आपली भाषा तर नाकावरच उभी. राग नाकावर, अब्रू नाकात, दमलो की नाकी नऊ, साधा माणूस नाकासमोर चालणारा. लग्नाची मुलगी नाकीडोळी नीटस हवी आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

ही शेवटची म्हण मी दुकानात कुणाला बोलू देत नाही.

माझी आत्या गिरगावच्या चाळीत वाढली. नाक बसकं. आजी लहानपणापासून म्हणायची, "नकटी आहे, हट्टी निघणार." आत्याने एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की घर म्हणायचं, बघा, नाकावरच लिहिलंय. तिच्या जागी माझ्या बाबांनी नाही म्हटलं की तो मात्र ठाम. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली, लग्न केलं नाही, धाकट्या दोघांची शिक्षणं तिने केली. माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळ्या बायकांच्या नाकात नथी आहेत. आत्या मागच्या रांगेत आहे आणि तिने हातरुमाल नाकापाशी धरलाय. बाबांना विचारलं, तिला सर्दी झाली होती का? ते गप्प बसले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा चष्मा मी केला. ती खुर्चीत बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "अगं, या नाकावर टिकेल का?" तेव्हा ती ७१ वर्षांची होती.

टिकला. कारण दोष नाकाचा नव्हताच. बाजारातल्या बऱ्याच फ्रेम उंच दांड्याच्या नाकांवर बेतलेल्या असतात. बसक्या दांड्यावर त्या खाली येतात, गालांना टेकतात, पापण्या काचेला लागतात. शेल फ्रेमला, म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला, तर पॅड वाकवायची सोयच नाही. आत्याला मी हलकी मेटल फ्रेम दिली, पॅडच्या तारा प्लायरने आत घेतल्या, दांड्या कानामागे थोड्या जास्त वळवल्या. दहा मिनिटांचं काम.

परवा दहावीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. तिचा चष्मा वर्गात वहीवर पडायचा. ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, "काय करणार, हिचं नाकच नकटं." मुलीने लगेच मान खाली घातली. मी म्हटलं, "नाक चांगलं आहे, फ्रेम चुकलीय. ब्रिज वीसचा दिलाय हिला, सोळाचा हवा." आईला मी दांडीच्या आतला आकडा वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लांब धरून स्वतः वाचला. मग नवी फ्रेम काढली, पॅड जुळवले आणि मुलीला म्हटलं, "बाळा, आता मान हलव बघू." तिने आधी हळू हलवली. मग दोन्ही वेण्या उडतील इतक्या जोरात हलवली, आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. सुटलेली नव्हती ती.