जाळी दुपारभरात बसली, शिक्का बसायला उन्हाळा गेला

‘इंजिनाच्या झाकणाला ही जाळी कशासाठी?’ हा प्रश्न मला जर्मनीतल्या इतक्या लोकांनी विचारलाय की आता झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर देईन. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. श्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचं वेड असलेली मराठी मंडळी बरीच आहेत, कुणाचा तरी मनस्ताप वाचेल.

गाडी लोटस एलिस १११आर. टोयोटाचं १.८ लिटरचं इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलेलं, १९२ हॉर्सपॉवर, आणि अख्ख्या गाडीचं वजन जेमतेम ८६० किलो. रेडिएटर पुढे नाकात आणि इंजिन मागे, त्यामुळे इंजिनाला समोरून थेट वारा मिळत नाही. त्यात सायलेन्सर शेपटात आणि त्याला लागूनच डिकी. इंडियन स्टोअरमधून आणलेलं श्रीखंड घरी पोचेपर्यंत पातळ झालेलं असायचं. श्रीखंडाचं सोडा, पण ट्रॅकवर चार चकरा मारून गाडी थांबवली की इंजिनाच्या कप्प्यातून जी धग यायची ती बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

वजनाचं काम सोपं होतं. मागच्या चाकांच्याही मागे लटकणारा किलो हा मधल्या किलोपेक्षा जास्त त्रास देतो, वळणात शेपूट बाहेर फेकायला तोच पुढे असतो. म्हणून मूळचा जड सायलेन्सर काढून ई-मार्क, म्हणजे युरोपीय मान्यतेचा शिक्का, असलेला हलका बसवला आणि डिकीतली लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेटची घातली. झालं. (लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. तिच्या आणि सायलेन्सरच्या मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच, विसरू नका.)

उष्णतेचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं, कारण तिथे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाडी पळत असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे नंबरप्लेटच्या आजूबाजूचा बंद भाग मोकळा केला की आतली गरम हवा आपोआप मागे ओढली जाते. गाडी थांबली, इंजिन बंद केलं, की वाराही नाही आणि इंजिनावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र तापलेलाच. तेव्हा गरम हवेला एकच वाट, ती म्हणजे वर. म्हणून वरच्या झाकणाला जाळी आणि मागच्या पॅनेललाही जाळी. पुष्कळजण खालचा ॲल्युमिनियमचा पत्राच काढून टाकतात आणि वजनही कमी झालं म्हणून खूश होतात. तो पत्रा कागदासारखा हलका असतो हो, आणि तो गेला की गाडीखालून डिफ्यूझरकडे, म्हणजे शेपटाखालच्या हवा बाहेर सोडणाऱ्या उतरत्या भागाकडे, जाणारी हवा विस्कटते. त्याला हात लावू नका.

एवढं सगळं सुरळीत झालं. घोडं पेंड खाऊ लागलं ते पुढे.

जर्मनीच्या वाहन नियमावलीच्या, म्हणजे एसटीव्हीझेडओच्या (StVZO), कलम १९ प्रमाणे एखाद्या बदलामुळे कुणाला धोका संभवत असेल किंवा आवाज-धूर वाढत असेल, तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगी आपोआप रद्द होते. कुणी नोटीस पाठवत नाही, ती नुसती संपते. सायलेन्सरला ई-मार्क होता, त्यामुळे तो सुटला. जाळ्या मात्र एका छोट्या वर्कशॉपमधून करून घेतलेल्या. सोबत फक्त धातूचा दाखला, बाकी काही नाही. म्हणजे कलम २१ खाली त्या एका गाडीची वेगळी तपासणी आली, आइनत्सेलआबनामे.

घराजवळच्या तपासणी केंद्राच्या खिडकीवर सांगितलं, कागद ईमेलने पाठवा. ईमेलला उत्तर आलं, गाडी बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. गाडी नेली, तर कागद आधी तपासलेले नसतील तर इंजिनिअर गाडी बघत नाहीत! मी म्हटलं, अहो, कागद पाठवलेत. बाई म्हणाल्या, हो, पण तो विभाग वेगळा. कलम २१ चं काम करणारे गृहस्थ आठवड्यातून एकदाच त्या केंद्रात येत, आणि ऑगस्टमध्ये तेही सुट्टीवर. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही फक्त आपल्याकडचीच मक्तेदारी आहे असं मला वाटायचं. इथे फरक एवढाच की टोलवाटोलवी अत्यंत नम्रपणे होते आणि प्रत्येक पत्राखाली ‘स्नेहपूर्वक’ लिहिलेलं असतं.

शेवटी ते गृहस्थ भेटले. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. कुणी पादचारी मागून आपटला तर? पाणी आत गेलं तर? आवाज वाढला असेल तर? प्रश्न रास्त होते, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण मोजायची साधनं त्यांच्या मागच्याच भिंतीवर टांगलेली असताना मोजायचं नाही, हे काय? निघताना म्हणाले, ‘मूळ झाकण परत बसवा, म्हणजे प्रश्नच नको.’ त्या दिवशी आउटोबानवर मी मोठ्याने मराठीत जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

सुटका झाली ती दूरच्या एका लहान गावातल्या केंद्रात. तिथल्या वयस्कर परीक्षकांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, जाळी कशासाठी? या वेळी मी लॅपटॉप उघडला. इंजिनाच्या कप्प्यात आणि डिकीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लावून जाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या तापमानाचे आलेख काढून ठेवले होते. आजोबांचा चेहराच बदलला. बाहेरच्या टोकदार भागांबद्दलच्या ईसीई (संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या) नियम २६ मध्ये जाळ्यांना सवलत आहे, पण जाळीचा खरा उपयोग असला पाहिजे ही अट आहे. माझा आलेख म्हणजे त्या उपयोगाचा पुरावा. मग त्यांनी गेज काढलं. जाळीच्या काड्यांमधलं अंतर २५ मिलिमीटरच्या आत असेल तर बाहेरच्या कडेला निदान ०.५ मिलिमीटर गोलाई लागते, ती भरली. मागच्या पॅनेलची कापलेली कड त्यांनी बोटाने चाचपली आणि मान हलवली. तिथे मऊ रबराची पट्टी लावायला सांगितली, ६० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) पेक्षा कडक नको. ती माझ्या डिकीत होतीच! मग धुराड्यापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मायक्रोफोन लावून आवाज मोजला आणि नोंदणीपत्रातल्या यू.१ रकान्याशी, म्हणजे उभ्या गाडीच्या नोंदवलेल्या आवाजाशी, ताडून बघितला. बसला. नंबरप्लेटचा दिवा लागतो ना तेही पाहिलं. पाण्याचं विचारलं तेव्हा जाळीखालचं पन्हळ दाखवलं. इग्निशन कॉइल इंजिनाच्या डोक्यावरच असतात, त्यामुळे ते पन्हळ तुम्हीही कराच.

शिक्का उमटला तेव्हा मला त्यांना पेढे द्यावेसे वाटले.

आता आठवेल तसं सांगते. परवानगी रद्द झालेल्या अवस्थेत गाडी फक्त नव्या परवानगीच्या कामासाठी चालवता येते, कलम १९ मधल्याच पाचव्या उपकलमाप्रमाणे. तेव्हा भेटीची वेळ ठरल्याचं पत्र गाडीत ठेवा आणि वाटेत कॉफीलाही वळू नका. मागचं वजन उतरलं की गाडी मागून किंचित वर येते, म्हणून व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. कापाकापी करण्याआधी परीक्षकाला जाऊन भेटा, खिडकीवरच्या बाईंना नव्हे, प्रत्यक्ष सही करणाऱ्या माणसाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंदीत ‘वाल्वाइझे’ हा शब्द लिहून मागा, म्हणजे मूळ झाकण किंवा जाळी, दोन्हींपैकी काहीही चालेल. माझ्या कागदावर तो आहे, म्हणून नोव्हेंबरच्या पावसात मी बिनधास्त जुनं झाकण लावते.