शेव निर्दोष सुटली

आमच्या घरात वीस तारीख उलटली आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिला संशय शेवेवर येतो. इंदूरमधलं मराठी घर, सुदामा नगर. पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव आणि घरात भाजी नसेल तर शेवेचीच भाजी. हे म्हणतात, शेव कमी करा. मी म्हणते, रविवारची छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतली फेरी कमी करा. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आम्हा दोघांना सोडून थेट नातवाच्या मोबाईलकडे बोट दाखवतात.

हिशेबाची वही नाही असं नाही. मी रोज लिहिते. दूध, भाजी, सियागंजातून आणलेला किराणा, खाडे वजा करून कामवाल्या बाईंचे पैसे, आणि हो, शेवसुद्धा. पण वहीत येतं ते माझ्या हातून गेलेलं. खात्यातून परस्पर जाणाऱ्या पैशांची नोंद कोण करणार? जुलैत मग घरातली सगळी पासबुकं भरून आणली आणि दुपारी पेन्सिल घेऊन बसले.

ह्यांचं एक जुनं खातं आहे, आधीच्या नोकरीतलं. पगार कधीच दुसऱ्या बँकेत जायला लागला, पण 'असू दे' म्हणून हे चालू. त्यात पैसे टाकायचं कारण एकच, शिल्लक कमी पडून दंड लागू नये. आणि त्या शिलकेतून काय जातं? एसएमएसचे पैसे दर तिमाहीला, कधीच न वापरलेल्या डेबिट कार्डाची वार्षिक फी, आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. खातं सांभाळायचे पैसे आम्ही त्याच खात्यात भरत होतो.

तिथेच मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपयांची एक ओळ दिसली. शेजारी २० रुपयांची. पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा. योजना चांगल्या आहेत, दोन्हींत प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण, हप्ता वर्षातून एकदाच. माझी तक्रार योजनेबद्दल नाहीच. पण ह्यांच्या पगाराच्या खात्याचं पासबुक उघडलं तर त्यातही त्याच आठवड्यात ४३६ आणि २०. दोन बँकांत कधीतरी दोन फॉर्म भरले गेले असणार. "बरंच आहे की, जीवन विम्याचेच चार लाख मिळतील," हे म्हणाले. नाही मिळत. माणूस एका खात्यातूनच त्यात भाग घेऊ शकतो. दोन हप्ते गेले तरी जीवन विम्याचे दोनच लाख, आणि जास्तीचा हप्ता बुडीत. ४५६ रुपयांनी कोणी भिकेला लागत नाही, मान्य. पण शेवेवरून बोलणी खाताना हे ४५६ आठवतात.

मोबाईलचं मात्र गंमतशीर निघालं. यूपीआयच्या अॅपमध्ये 'ऑटोपे' म्हणून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची एक यादी असते. मला ती असते हेच चिरंजीवांनी दाखवलं. यादीत एक पंचांगाचं अॅप होतं. पहिला आठवडा पाच रुपयांत आणि पुढे दर महिन्याला त्याहून मोठी रक्कम, अशातलं. घेतलं कोणी? आईंनी, माझ्याच फोनवरून, चतुर्थीचा चंद्रोदय बघायला. कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. पण लोन आणि लॉटरीच्या मेसेजांच्या ढिगाऱ्यात तो वाचतो कोण. चंद्रोदय त्या आजही भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतात. नातवानं ते बंद केलं आणि दिवसभर आजीला भंडावून सोडलं.

आता विजेचं, आणि खरी गोम इथे होती. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटांचे शंभरच रुपये. पण १५० ओलांडले की ती सवलत सगळीच जाते, फक्त वरच्या युनिटांची नव्हे. थंडीतल्या बिलांत शासनाच्या सबसिडीची ओळ दिसत होती, मार्चनंतर गायब. उन्हाळ्यात कूलर असतो, तेव्हा आशाच नको. पण कूलर झाकून ठेवल्यावरही जुलैचं बिल १६८ युनिटांचं. म्हणजे वरच्या अठरा युनिटांपायी पाचशेच्या पुढे भुर्दंड.

मागच्या ओसरीत सासऱ्यांच्या वेळचा फ्रिज आहे. त्यात असतं काय? पाण्याच्या बाटल्या, एखादं कलिंगड, विरजणाचं भांडं. रात्री झोपताना मी घरातलं बाकी सगळं बंद केलं, नवा फ्रिजसुद्धा, आणि टॉर्च घेऊन मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी दूध यायच्या आत परत बघितलं. दिवसाच्या हिशेबानं तो म्हातारा पावणेदोन युनिटं खात होता. महिन्याला पन्नासच्या वर, म्हणजे १५०चा एक तृतीयांश! कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नव्हता. दाराचं रबर इतकं सैल, की मिटलेल्या दारात कागद धरला तर अलगद सरकून बाहेर यायचा.

भंगारात द्या म्हटल्यावर आईंचा चेहरा उतरला. "ह्यांनी बोनसमधून घेतला होता तो." तिथे मी हिशेब थांबवला. सगळंच काही युनिटांत मोजता येत नाही, आणि मला त्यांच्याशी भांडायचंही नव्हतं.

तोडगा आईंनीच काढला. आमरसाच्या दिवसांत फ्रिज चालू, एरवी बंद आणि दार उघडं. मे-जूनमध्ये तसेही आम्ही १५०च्या आत बसत नाही, म्हणजे सवलत बुडायचा प्रश्नच नाही. ऑगस्टचं बिल १२१ युनिटांचं आलं, सबसिडीची ओळ परत दिसली. जुनं खातं बंद करायचा अर्ज ह्यांनी दिलाय. बाकी पाणीपट्टी, मालमत्ता कर असले वर्षातून एकदा येणारे खर्च बारानं भागून वहीच्या शेवटच्या पानावर घेतलेत. आणि काल अर्धा किलो लौंग शेव आणली, ती वहीत लिहिली आहे.