सिझर : 0

आमचं ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं, आणि आवारातच नवीन प्रसूती विंग बांधून उभी आहे. मी लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर, त्यामुळं पीआयपीचं पत्र आलं की लोडशीट माझ्याच टेबलावर येते. पीआयपी म्हणजे पुढं एनएचएममधून, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, काय काय पाहिजे त्याची मागणी, पैसा 60 टक्के केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. नॉर्मल किती, सिझर किती भरून द्यायचं, त्यावर खाटा, मशीन, माणसं ठरतात. कागदावर एकदम पटतं.

त्या दिवशी जिल्ह्यावरून इंजिनिअर आणि अकाउंटवाले सर विंग बघायला आले होते. इंजिनिअर साहेब नुसत्या टाइल्स दाखवून राहिले होते. मी त्यांना ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या, हात धुवायच्या स्क्रबच्या नळापाशी नेलं. हा नळ कोपरानं चालवायचा असतो, धुतलेला हात कशालाच लागू नये म्हणून. इथं दांडी भिंतीला इतकी चिकटून बसवली की अर्धी फिरून टाइलवर आपटते, धार करंगळीएवढी, आणि बंद करायला शेवटी हातच लावावा लागतो. बसवायच्या आधी कोण्या एका सिस्टरला विचारलं असतं तर चार बोटं पुढं घेतला असता, पण सिस्टरला कोण विचारते! आत ओटी लाइट, भूल द्यायचं बॉईल मशीन, सगळं प्लॅस्टिकमध्ये. भूल देणारा नाही. बिल्डिंगच्या पैशाचा हेड वेगळा, पदांचा वेगळा, आणि दोघांची गाठ काही पडत नाही.

तेवढ्यात खालून निरोप आला. दुसरी खेप, पहिल्या खेपेला सिझर, कळा जोरात. कळ ओसरल्यावरही जुन्या टाक्यावर हात ठेवला की बाई कळवळायची, पल्स वाढलेली, बाळाचे ठोके मात्र ठीक. आतला जुना टाका फाटायची भीती, अशा बाईला वाट पाहत ठेवत नाहीत. आमच्या डॉक्टर मॅडम डीजीओ, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीचा डिप्लोमा केलेल्या आहेत, सिझर त्यांच्या हातचं काम, पण भुलेशिवाय काय करतील? ऑन कॉल भूलतज्ज्ञ पर केस पैशावर येतात, कागदावर. फोन केला तर प्रायव्हेटमध्ये केस चालू होती, ती नेहमीच चालू असते.

सलाइन लावली, कॅथेटर टाकला, रेफर चिठ्ठी लिहिली, 108 आली. सासूनं नव्या बिल्डिंगकडं बोट केलं, "बाई, हे येवढं मोठं बांधलं ना तुमी, मंग आमाले काहून धाडून राह्यल्या?" इंजिनिअर साहेब बाजूलाच उभे होते, मोबाईल पाहत.

गाडी गेल्यावर शीट काढली तर अकाउंटवाले सर म्हणतात, "मॅडम, सिझर झीरो आहे, झीरोवर भूलतज्ज्ञ कसा मागू? वरून पहिली क्वेरी हीच येईल." माणूस वाईट नाही, फॉरमॅट त्यानं थोडाच बनवला. पण झीरो काहून आहे, तर भूलतज्ज्ञ नाही म्हणून, आणि आम्ही पाठवलेली प्रत्येक बाई मोजली जाते जिल्ह्याच्या आकड्यात, मग तिथं लोड दिसतो, तिथं खाटा वाढतात, आणि आम्ही अजून झीरो. एफआरयू, म्हणजे अडलेल्या बाया पाठवायचं पहिलं केंद्र, व्हायला 24 तास सिझर, रक्तसाठा आणि नवजात बाळाची सोय लागते. कागदावर तर आमचा नंबर कधीच लागायचा नाही.

रात्री तिकडच्या सिस्टरचा फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, टाका मात्र कागदासारखा पातळ झाला होता म्हणे. वाटेत फाटला असता तर? हे डोक्यातून जात नाही, कारण तसं झालं असतं तरी शीटमध्ये आमच्याकडं झीरोच दिसलं असतं.

शेऱ्याच्या रकान्यात मी सिझरसाठी रेफर केलेल्यांचा आकडा लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, अपलोड करताना शेरा जात नाही. आता सिझरसाठी रेफरचं वेगळं रजिस्टर घातलंय, कारण आणि गाडी निघाल्याची वेळ लिहून, महिन्याच्या शेवटी अधीक्षकांची सही घेते. सही करतात ते, कुरकुर न करता. पण खाली तारीख टाका म्हटलं की म्हणतात, "राहू द्या ना सिस्टर, ऑडिटवाले विचारतील."