बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

हवा खराब झाली की मोठ्यांचा घसा खवखवतो, आणि तान्ह्याचं पोट उडायला लागतं. हवा तीच, फरक श्वासनळीच्या रुंदीचा. बाळाची 4 मिलिमीटरची नळी चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सुजली तर 2 मिलिमीटरच उरते आणि हवेला होणारा अडथळा 16 पट होतो. मोठ्या माणसाच्या 8 मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने तो जेमतेम तिप्पट होतो. त्यातून बाळ वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं, आणि पीएम 2.5 म्हणजे हवेतले अतिबारीक कण नाकात न अडकता थेट फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत जातात.

म्हणून खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वासाच्या वेगाकडे बघा. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगरखा वर करून पोटाचं वरखाली होणं मोजा, पूर्ण 60 सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही. तान्ह्यांचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो. रडताना मोजलेला आकडा तर सोडूनच द्या. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो. ऊन चढल्यावर फिरायला न्या. उन्हाळ्यात उलट: हवेतला ओझोन हा त्रासदायक वायू भर दुपारी वाढतो, तेव्हा सकाळ बरी. बाबागाडी नेमकी गाड्यांच्या धुराच्या नळकांड्यांच्या उंचीवर असते. रहदारीच्या रस्त्यावर बाळाला कडेवर घ्या, सिग्नलला थांबताना चार पावलं मागे राहा. शक्य असेल तर आतली गल्लीच धरा. मास्कवर मात्र भिस्त नको. छोट्या चेहऱ्यावर तो गालांपाशी उघडा राहतो आणि हवा तिथूनच आत येते. दोन वर्षांखालच्या बाळाला तर लावूच नका, गुदमरू शकतं.

श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढेनासं झालं असेल, तर मोजत बसू नका. आडवं न झोपवता उभं धरा आणि तडक दवाखाना गाठा.